कसर आणि मी

मोल्सवर्थच्या कोशाला आमच्या घरात दोन कामं होती. अडलेला शब्द दाखवणं, आणि मी चिकटवलेल्या बाकीच्या पुस्तकांवर खळ वाळेपर्यंत वजन म्हणून बसणं. दुसरं काम जास्त वेळा निघे.

ऐन बंडाच्या साली, १८५७मध्ये, या कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली. माझी प्रत तिचंच १९७५चं पुनर्मुद्रण. बंडातून सुटलेला ग्रंथ माझ्या हाती सापडला.

यंदा श्रावणात तो उघडला, तर एक चंदेरी किडा ‘क’वरून सळसळत ‘ख’कडे गेला. कसर! तिला भूक ज्ञानाची नसते, पिठाची असते. आणि पुठ्ठ्याला मैद्याची खळ मीच फासली होती. जुने बांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालत, ते उगाच नव्हे. मी ते विसरलो, म्हणजे इतकी वर्षं तिला पंगत वाढत होतो.

डांबरगोळ्या ठेवल्या, कपाटाला एसटी स्टँडचा वास आला. वेखंड ठेवलं, बाळंतिणीच्या खोलीचा आला. शेवटी कळलं की पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोनेक आठवडे फ्रीझरमध्ये ठेवलं, की किडे अंड्यांसकट मरतात.

“अहो, मटार कुठे गेले?”

“मोल्सवर्थखाली.”

त्यानंतर दोन दिवस घरात मराठीतला एकही शब्द उच्चारला गेला नाही.

कसर मेली, पण कोशाची पाठ आधीच मोडलेली. तिथे मी पूर्वी सेलोटेप लावला होता. सेलोटेप पहिल्या वर्षी दिसत नाही, पुढे पिवळा पडतो, आणि एक दिवस पट्टी गळून डिंक तेवढा कागदात मुरून राहतो. बाइंडरकाकांनी पानं उलटली.

“हे कुणी केलं?”

“आधीच्या मालकानं.”

त्यांनी पहिलं पान उघडून माझं नाव, सही आणि खरेदीची तारीख शांतपणे वाचली. “साहेब, कसर बरी. ती नुसती खाते, दुरुस्ती करत नाही.”

जुन्या शिवणी उसवून त्यांनी जुजबंदी नव्यानं शिवली, पाठीला कापड लावलं. मोरचूद घातलंत ना, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सेलोटेपचं एक अख्खं रीळ घरी पडून आहे. हवं असेल त्यानं खुशाल न्यावं. पुस्तक मात्र मागू नये.