टाय, घंटा आणि कलम १६

बेंगळुरूच्या केम्पेगौडा विमानतळावर टर्मिनल २ मध्ये सेन्सरी रूम आहे. गोंगाट, लखलखाट, गर्दी ज्यांना सोसत नाही, त्यांना तिथे निवांत बसता येतं. वर्षातून एकदा आजोळी जाणाऱ्या मुलासाठी विमानतळाने ही सोय केली, हे उत्तमच. पण तेच मूल जिथे रोज सहा-सात तास काढतं, त्या शाळेत त्याच्या आईला ऐकवलं जातं, “मॅडम, एकाला सवलत दिली की सगळेच मागतील.”

मागू देत की! टाय टोचतो अशी पोरं वर्गात दहा निघाली, तर टायचाच फेरविचार करा.

मागणं तरी केवढं? घंटेजवळचा बाक बदला. असेंब्लीत हेडफोन लावू द्या. डबा वर्गात खाऊ द्या. दमडीचा खर्च नाही. दुपारी बेंगळुरूचा पाऊस पत्र्याच्या शेडवर ताशासारखा कडाडतो, आणि पीटीच्या रांगेतलं एखादं पोर कानांवर तळवे गच्च दाबून मटकन खाली बसतं. डायरीत लाल शाईचा शेरा येतो: सूचना पाळत नाही. कुणी त्याला पाच मिनिटं आतल्या व्हरांड्यात नेलं असतं, तर पुढचा तास ते नीट बसलं असतं.

“आधी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट आणा,” हे शाळांचं दुसरं पालुपद. ते साफ चूक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ अनुदानित आणि मान्यताप्राप्त, म्हणजे खासगीसुद्धा, शाळांना मुलाच्या गरजेनुसार सोयी द्यायला सांगतं. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. ११ फेब्रुवारी २०२१ ला विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक हवा होता. तो मिळण्यासाठी चाळीस टक्के लागत नाहीत, असं कोर्ट म्हणालं. सेन्सरी त्रास कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत वेगळा नाही, स्वमग्नता आहे. पण त्याच निकालानुसार दिव्यांग व्यक्तीची व्याख्या त्या यादीपुरती बांधलेली नाही.

इथल्या मराठी घरांनी कलम १७ जरूर वाचावं. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, वर कन्नड आणि हिंदी, या ओझ्याखाली दिव्यांग मूल दबत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. परीक्षेत जादा वेळही आहे.

आणि हे सगळं लेखी मागा. वर्गशिक्षिका बऱ्याचदा मनापासून हो म्हणतात, पण जूनमध्ये वर्ग बदलला की तोंडी कबुली कुणालाच आठवत नाही. अर्जात कलमं लिहा, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अहवाल जोडा, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा. राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार नेताना तोच कागद लागतो. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली, तर त्याच संध्याकाळी ईमेल पाठवा.