शनीच्या कड्यातल्या गारा

“ऐकलं का जी काकू? भाच्याचं स्थळ मोडलं. पोराला साडेसाती हाय म्हणे!”

साकोलीतली कुठलीही बातमी शेजारच्या वहिनींकडून आमच्या सांदवाडीच्या कुंपणावरच फुटते. हात पोपटाच्या शेंगा तोडत असतात, तोंड मोकळं. मी जन्मभर विज्ञान शिकवलं, म्हणून शनीची चौकशीही माझ्याचकडे.

“अहो, सूर्याभोवती एक फेरी मारायला शनीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. एका राशीत अडीच, तीन राशींत साडेसात. त्याला काय ठाऊक तुमचा भाचा?”

“पण त्याच्याभोवती ते कडं हाय ना?”

“कडं कसलं, बर्फाचे तुकडे नुसते!”

“म्हणजे आपल्या उन्हाळी धानावर पडतात तशा गारा?”

“गाराच म्हणा. पण कुठं वाळूएवढा कण, कुठं घराएवढं ढेकूळ. जवळपास सगळं पाण्याचं बर्फ, थोडी धूळ. अखंड कडं असतं तर तुटूनच गेलं असतं, हे मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञानं 1859 मध्ये गणितानं दाखवून दिलं. प्रत्येक तुकडा आपापला फिरतो. आतल्यांची फेरी सहाएक तासांत होते, बाहेरच्यांना चौदा लागतात.”

“आदळत नाहीत एकमेकांवर?”

“आदळतात की. पण शेजारचे तुकडे जवळपास एकाच वेगानं धावतात, त्यामुळं धक्का अगदी हलका, सेकंदाला काही मिलिमीटरचा.”

“शेजारी असावेत त असे!” वहिनींनी मागच्या घराकडं बघून नाक मुरडलं. तिकडच्या सांडपाण्याचं भांडण अजून मिटायचंय.

मी पुढं सांगत राहिले. मुख्य कड्यांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटरचा, आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर! म्हणूनच 23 मार्च 2025 ला ती पृथ्वीकडं नेमकी कडेनं आली तेव्हा दिसेनाशी झाली होती. शिवाय त्यातलं बर्फ सतत शनीवर झडतंय. तीस कोटी वर्षांत कडी संपतील असा नासाच्या शास्त्रज्ञांचा 2018 चा अंदाज आहे.

“तोवर भाच्याचं जमंल ना जी?”

“जमेल हो.”

“तरी शनिवारी मारुतीले तेल वाहतेच मी.” मग इकडंतिकडं बघत वहिनींनी आवाज खाली आणला. “खरं सांगू काय काकू? पोरीवाल्यांनी पहिलंच विचारलं, नोकरी कुठं हाय? चार बांध्यांचं नाव काढलं अन् चहा न पिताच उठले.”

धान पिकवणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, हे तोंडावर कोण म्हणेल? शनीचं नाव घेतलं की काम भागतं.