टक्केकाका

आमच्या सोसायटीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. पोरांनी 'टक्केकाका' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. टक्केवारी म्हटली की इतरांना ठेकेदार आठवतो, काकांना बॅटरी. 'काय काका, बरं आहे ना?' असं विचारलं तर 'बासष्ट' असं उत्तर येतं.

काकांनी विजेवरची गाडी घेतली ती 2020 साली. तेव्हा पुण्यातही हिरवी नंबरप्लेट दिसली की लोक वळून बघायचे. बॅटरी 30.2 युनिटांची आणि चाचणीच्या कागदावर पल्ला 312 किलोमीटरचा. प्रत्यक्षात दोनशे मिळाले तरी काका पेढे वाटतात. 'पेट्रोलला किलोमीटरमागे सात रुपये जातात, मला दीड!' हे ते सायकलवरून येणाऱ्या वॉचमनलाही ऐकवतात.

त्या दीड रुपयापायी काकांनी काय काय सोसलंय! पार्किंगमध्ये प्लग मागितला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, 'आज तुम्हाला दिला, उद्या सगळे मागतील.' सोसायटीत विजेची गाडी एकच होती, पण कमिटी दूरदृष्टीची. नाहरकत मिळेपर्यंत काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पार्किंगपर्यंत चार एमएमची काळी वायर लोंबत असायची. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना आधी तिची भीती वाटली, मग त्या तिच्यावर पंचे वाळत घालू लागल्या.

कुणाच्याही घरी गेले की काका आधी भिंती न्याहाळतात. घरचे समजतात, रंग आवडलेला दिसतोय. काका शोधत असतात पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांना त्यांचा पहिला प्रश्न होता, 'तुमच्याकडे अर्थिंग कसं आहे?' त्या गृहस्थांना तो पत्रिकेतला एखादा योग वाटला. म्हणाले, 'गुरुजींना विचारून सांगतो.'

गुहागरच्या एका लग्नाला मी त्यांच्या गाडीतून गेलो, तेव्हा हा माणूस जवळून बघायला मिळाला. कराडजवळच्या एका हॉटेलात फास्ट चार्जर 'उपलब्ध' असल्याचं अ‍ॅप सांगत होतं. होताच उपलब्ध, फक्त त्याच्यासमोर एक डिझेलची गाडी लावलेली होती आणि तिचा ड्रायव्हर आत थाळी जेवत होता. त्याचं ताक पिऊन होईपर्यंत काका शेजारी उभे राहिले. मग गन लावली तर ओटीपी येईना, कारण रेंज नव्हती. दुसरं अ‍ॅप काढलं, तिसरं काढलं. प्रत्येकात काकांचे दोन-तीनशे रुपये पडून आहेत आणि ते परत मिळत नाहीत. बचतीच्या हिशेबात काका ते धरत नाहीत. अखेर चार्जिंग सुरू झालं आणि चाळीस टक्क्यांवर लाइट गेली.

पाटणच्या पुढे चढ लागला तसा आकडा उतरू लागला. कोयनानगर मागे पडलं तेव्हा अकरा टक्के उरले होते. आसपासच्या डोंगरांच्या पोटात 1,960 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प, डोक्यावरून उच्च दाबाच्या तारा चाललेल्या आणि खाली आम्ही एसी बंद करून, काचा उघड्या टाकून, तीन किलोवॉटच्या शोधात. मी तारांकडे नुसतं बघितलं तरी काका म्हणाले, 'त्यांना हात लावता येत नाही.'

कुंभार्ली घाटाच्या उतारावर मात्र काका खुलले. उतरताना मोटर उलटी वीज तयार करते आणि ती बॅटरीत जाते. 'बारा झाले! तेरा!' व्याज जमा व्हावं तसे ते मोजत होते. चौदा कमावले आणि सपाटीवर चाळीसच्या वेगानं पुन्हा घालवायला लागले. एसटीनं आम्हाला मागे टाकलं. मागाहून वडापनंही टाकलं.

चिपळूणला त्यांच्या मेहुणीचं घर आहे. दोन टक्क्यांवर तिथे टेकलो. पाणी प्यायच्या आधी काकांनी डिकीतून वायर काढून प्लगला लावली, तर चार्जरच्या डबीवर लाल दिवा. अर्थिंग कच्चं. भर दुपारी लग्नाच्या कपड्यांत हा गृहस्थ परसात अर्थिंगचा खड्डा शोधून त्यात मिठाचं पाणी बादलीबादलीनं ओतत होता. काही वेळानं दिवा हिरवा झाला. काकांचा चेहरा असा उजळला की मेहुणी म्हणाली, 'ताईच्या लग्नात सुद्धा असे हसला नव्हतात, भावजी.' एवढ्यात घरातल्या कुणीतरी अंघोळीसाठी गिझर लावला आणि अख्खं घर बंद पडलं.

2025 च्या धोरणात सरकारनं विजेच्या गाड्यांना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली. चांगलं केलं. पण काकांचे नातेवाईक नेमके दुसऱ्याच रस्त्यांवर राहतात. तसं बघितलं तर काकांचं खरं चार्जिंगचं जाळं नातेवाइकांचंच आहे. तिथे ना अ‍ॅप लागतं ना ओटीपी. एका वेळेला पंचवीस-तीस युनिटं, रात्रभराचा मुक्काम आणि मोबदल्यात अर्धा किलो बाकरवडी. ज्या चुलत-मावस भावंडांशी वीस वर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्याशीही काकांचा आता घरोबा आहे. अट एकच, घर हायवेपासून पाच किलोमीटरच्या आत हवं.

येत्या मे महिन्यात काका सावंतवाडीपर्यंत निघालेत आणि वाटेतल्या नातेवाइकांची यादी तयार होते आहे. तुमचं घर त्या वाटेवर असेल आणि नातं दूरचं का होईना लागत असेल, तर एवढंच करा. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून ठेवा आणि काका दारात यायच्या आत सगळ्यांच्या अंघोळी उरकून घ्या.