परोपकाराची तालीम

अनाथ विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी पुण्याहून महाबळेश्वरपर्यंत, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर, सायकल हाकण्याचा संकल्प आमच्या मेहुण्यांनी सोडला आणि आमची संमती गृहीत धरून आम्हांसही त्यात दाखल करून घेतले, तेव्हापासून वहीतील जमेची बाजू कोरी असून खर्चाची बाजू मात्र शिरस्त्राण, हातमोजे व गादी शिवलेली आखूड विजार यांनी यथास्थित भरली आहे. प्रत्यक्ष तालीम कात्रजच्या घाटात एकदाच झाली. तेथे साखळी उतरली, ती बसविताना काळ्याकुट्ट झालेल्या बोटांनीच मेहुण्यांनी मिसळीचा समाचार घेतला, आणि परतीची स्वारी टेम्पोतून निघाली. वाईपुढच्या पसरणी घाटाचा विषय काढताच ते चाकांतील हवा तपासू लागतात. वर्गणीदारांनी रक्कम परस्पर वसतिगृहाकडे रवाना करावी, ही विनंती.