क्षारांचे शिरस्तेदार

तालुका कचेरीत तीस वर्षे दप्तर सांभाळून शिरस्तेदार म्हणून सेवानिवृत्त झालेला मनुष्य पेन्शनीच्या पहिल्याच महिन्यात एकतर गीतेवर प्रवचने करू लागतो, नाहीतर बाराक्षारांची पेटी विकत घेतो. आमच्या अण्णांच्या, आणि म्हणून सबंध वाड्याच्या, वाट्याला पेटी आली.

ओल्डेनबुर्ग येथील शुस्लर नामक जर्मन डॉक्टराने १८७४ साली असे प्रतिपादन केले की, मनुष्याचे शरीर बारा क्षारांच्या समतोलावर चालते आणि त्यांपैकी एखादा उणा पडला की व्याधी उद्भवते. वैद्यकशास्त्राने या सिद्धान्ताची विशेष दखल घेतली नाही. परंतु जमाखर्चाचा ताळा जुळविण्यात ज्याची हयात गेली, त्याला तो पटावयास कितीसा वेळ लागणार?

संधिवाताची कैफियत घेऊन कोणी वर गेला की अण्णा चष्मा पुसून प्रथम त्याचा रीतसर जबाब घेतात. दुखणे एके ठिकाणी कायम आहे, की आज गुडघा, उद्या खांदा अशी त्याची बदली होते? बदली होत असल्यास काली सल्फ. पावसाळी ओलीने जोर करते? नेट्रम सल्फ. सांधा लाल होऊन हलविताच ठणकतो? फेरम फॉस. शेकाने आराम पडतो? मग मॅग फॉस, आणि तेही कढत पाण्यातून. जबाब पुरा झाल्यावर ते बाटलीच्या झाकणात, हाताचा स्पर्श होऊ न देता, चार-चार गोळ्या मोजतात, जुन्या लग्नपत्रिकेच्या कागदात त्यांची पुडी बांधतात आणि तीवर, सवयीने, तारीख घालून आद्याक्षरी करतात.

सहा एक्सच्या गोळीत दहा लाख भागांत औषधाचा भाग एक, बाकी सारी दुग्धशर्करा, आणि नेट्रम मूर म्हणजे तर आपल्या सैंपाकघरातले मीठच, तेव्हा आमटीच्या एका भुरक्यात अण्णांच्या शेकडो पेट्या सामावतील, असा हिशेब मी एकदा मोठ्या धिटाईने त्यांच्यापुढे मांडला. अण्णा शांतपणे म्हणाले, "सरकारचा हुकूम मुंबईस निघतो. तेथून कमिशनर, कलेक्टर, प्रांत, मामलेदार, सर्कल, तलाठी. मोजा, टप्पे सहाच. तलाठ्याकडे पोचेतो त्यात मूळचे काय उरते? पण जप्ती होते की नाही?" पुढे खुद्द शुस्लरने कल्केरिया सल्फ वगळून बाराचे अकरा केले होते, हेही मी निदर्शनास आणले, त्यावर, एकदा मंजूर झालेली जागा वरिष्ठांच्या उतारवयातील लहरीने रद्द होत नसते, असा निकाल मिळाला. या दोन्ही युक्तिवादांवर मला अद्याप अपील सापडलेले नाही.

अण्णा फी घेत नाहीत. दर तिसऱ्या दिवशी समक्ष येऊन गुणाचा तपशील नोंदवून जावे, एवढाच त्यांचा दंडक आहे, आणि तो मोडणाऱ्याचे प्रकरण ते बेमुदत तहकूब ठेवतात. इच्छुकांच्या माहितीकरिता सांगतो: जिना लाकडी, उभा, बावीस पायऱ्यांचा असून त्याला कठड्याऐवजी दोर आहे, तरी गुडघेदुखीच्या रोग्याने सोबत कोणी आणल्यास बरे, अण्णा स्वतः गेल्या दिवाळीपासून खाली उतरलेले नाहीत.