भडंगाची पुडी दारातच

सांगलीतल्या एका चित्रपटगृहाच्या दारात माझ्या पिशवीतली भडंगाची पुडी काढून ठेवायला लावली. त्याला बरेच दिवस झाले, पण ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तपासणारा पोरगा अदबीनं बोलला. "काकू, बाहेरचं आत चालत न्हाई." मी म्हटलं, "अरे, भडंग बाहेरचं कसं? सांगलीचंच आहे ना." तो म्हणाला, "ते खरंय ओ, मीबी तेच खातो. पण नियम हाय." पुडी टेबलावर राहिली आणि आत मक्याच्या लाह्यांचा डबा तिकिटापेक्षा महाग निघाला.

नियम मला ठाऊक आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे, पिण्याचं पाणी मात्र त्यानं फुकट द्यायला हवं. न्यायालयाशी माझं भांडण नाही. मग आत भडंग विकायला ठेवा. लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता घालून परतलेले चुरमुरेच तर आहेत. सांगलीच्या माणसाला सांगलीत बसून सांगलीचा खाऊ खाता येऊ नये, हे मला पटत नाही.

मला मारामारीचे, उडणाऱ्या माणसांचे आणि विनोदी चित्रपट मनापासून आवडतात. गंभीर चित्रपटांची बाजू घ्यायला पुष्कळ जण आहेत. माझ्या आवडीच्या चित्रपटांना मात्र लोक ‘टाइमपास’ म्हणतात, आणि एकदा तसं म्हटलं की ते कसेही दाखवले तरी चालतात, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. तीन तास हसायला किंवा टाळ्या वाजवायला पैसे मोजून आलेल्या माणसाला काही कळत नाही, असं समजू नये.

मध्यंतराचंच घ्या. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ इथं झालं, म्हणून ती तारीख आजही रंगभूमी दिन म्हणून पाळली जाते. अंक कुठं संपावा, पडदा कशावर पडावा, याची जाण इथल्या प्रेक्षकाच्या अंगात मुरलेली आहे. इंग्रजी सुपरहिरोंचे चित्रपट मध्यंतर धरून बनवलेलेच नसतात. आपल्याकडं ते मधोमध कापतात. पात्रानं वाक्य सुरू केलेलं असतं, दुसरं पात्र वळून बघत असतं, आणि दिवे लागतात. उरलेलं वाक्य दहा-पंधरा मिनिटांनी येतं, तेव्हा आपण रांगेत चहासाठी उभे असतो. कापायचंच असेल तर आधी कुणीतरी तो चित्रपट एकदा पूर्ण बघून, जागा ठरवून कापावा. एवढंही होत नाही.

आणि शेवट. २००८ साली ‘आयर्न मॅन’ आला तेव्हापासून तो काढणाऱ्या कंपनीच्या चित्रपटांत नावांची यादी संपल्यावर एखादं छोटं दृश्य असतं, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. चित्रपटगृहाला मात्र अजून माहीत नाही. पहिलं नाव पडद्यावर आलं की दारं उघडतात, दिवे लागतात, झाडू सुरू होतो. झाडणाऱ्या मावशींचा यात दोष नाही, पुढचा खेळ त्यांच्या डोक्यावर बसलेला असतो. २०१९ मध्ये वाईहून माझा भाचा ‘अॅव्हेंजर्स: एंडगेम’ बघायला मुद्दाम सांगलीला आला होता. तीन तास एक मिनिटाचा चित्रपट त्यानं श्वास रोखून बघितला आणि नंतर ती सगळी यादीही बघितली. त्या चित्रपटाला शेवटी दृश्य नव्हतं. होते फक्त लोखंडावर हातोडा पडल्याचे ठोके, ज्या माणसापासून सगळी गोष्ट सुरू झाली त्याच्या पहिल्या चिलखताची आठवण म्हणून. आमच्या चित्रपटगृहात तेव्हा खुर्च्या खडाखड दुमडल्या जात होत्या. "आत्या, काही वाजलं का?" त्यानं विचारलं. मलाही ऐकू आलं नव्हतं. घरी गेल्यावर मोबाइलवर वाचून त्याला कळलं की आपण कशासाठी थांबलो होतो.

त्याच चित्रपटात आयर्न मॅन मेला आणि पोरगा रडला. मीही रडले. २०२४ च्या जुलैमध्ये जाहीर झालं की आयर्न मॅन झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येणार, या वेळी खलनायक होऊन. २०१७ च्या ‘लोगन’मध्ये वुल्व्हरिनला रीतसर पुरलं होतं, तर २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’ची सुरुवातच त्याची कबर उकरण्यानं होते. माणसाला एकदा मनापासून रडायला लावलं की त्या रडण्याची जबाबदारी घ्यावी लागते. आमच्याकडं तेरावा झाला की गेलेल्याचा फोटो भिंतीवर जातो, आणि तो तिथंच राहतो.

आपल्याकडचा शक्तिमान माणूस मला म्हणून जवळचा वाटतो. महेश कोठारे यांच्या १९८७ च्या ‘दे दणादण’मध्ये लक्ष्मीकांत बेर्डेच्या हवालदाराला अचाट ताकद मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. एका वाक्यात नियम सांगितला आणि शेवटपर्यंत पाळला. विनोद त्याच नियमातून फुलतो, भीतीही त्यातूनच. भाच्याला हा चित्रपट मी दाखवला तेव्हा बाजारातल्या प्रत्येक लाल वस्तूला तो दचकत होता. आताच्या सुपरहिरोंच्या कथेत किती विश्वं आहेत आणि कुठल्या विश्वात कोण जिवंत आहे, हे मला त्याच्याकडून वहीत लिहून घ्यावं लागतं.

कात्रीचंही सांगते. २०२५ च्या जुलैत आलेल्या ‘सुपरमॅन’मधली चुंबनाची ३३ सेकंदं आपल्या सेन्सॉरनं कापायला लावली. इमारती कोसळलेल्या, शहर दुभंगलेलं लहान मुलांना दाखवायला हरकत नव्हती. मला हे उलटं वाटतं.

भाषेबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ‘एंडगेम’ आपल्या देशात इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. मराठीत नाही. माझी नणंद विट्याकडं दिलेली आहे. तिचे यजमान गलाईच्या धंद्यात. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरलेली आहेत, तसे हे वीस वर्षं आंध्रात राहिले. त्यांना तेलुगू घरच्यासारखी येते. ‘पुष्पा २’ त्यांनी तेलुगूत बघितला, मी हिंदीत. नंतर जेवताना त्यांनी दोन-तीन ठिकाणचे मूळ संवाद सांगितले, तेव्हा मला कळलं की मी हसायच्या जागा ओलांडून पुढं गेले होते. ओठांच्या हालचालीला बसतील असे शब्द हिंदीत कोंबलेले होते. आमच्या साताऱ्याचे सयाजी शिंदे तमिळ-तेलुगूत कितीतरी वर्षं कामं करत आहेत. २००० सालच्या तमिळ ‘भारती’मध्ये महाकवी सुब्रमण्य भारतींची भूमिका त्यांनी केली. सातारचा माणूस तमिळ कवी होऊ शकतो, तर तमिळ-तेलुगू चित्रपट सातारला मराठीत का येऊ शकत नाहीत?

लांबीचंही तसंच. ‘पुष्पा २’ तीन तास वीस मिनिटांचा. ‘अॅनिमल’ त्याहून एक मिनिट जास्त. तासगाव, पलूसकडच्या खेड्यांतून आलेली पोरं शेवटची एसटी गाठायची म्हणून शेवटची मारामारी सोडून उठतात. मी त्यांना उठताना बघितलं आहे. पायऱ्यांवर थांबून, मान मागं वळवून बघत उतरतात. ज्याच्यासाठी सगळे पैसे दिले ते दहा मिनिटांनी हुकतं.

आता माझ्या माहेराबद्दल.

वाई हे कृष्णाकाठचं गाव. ढोल्या गणपतीचं, घाटांचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं. मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून झालं. शेजारी मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. तिथं टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेची आठवण सांगते. आता चित्रपटात ही वाई काय म्हणून दिसते ते बघा. ‘गंगाजल’मध्ये ती बिहारमधलं तेजपूर. ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा घाट म्हणजे उत्तर प्रदेशातलं चरणपूर. ‘ओंकारा’मध्ये पुन्हा उत्तर प्रदेश. ‘दबंग’मध्ये लालगंज. ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये तर तमिळनाडू. २००३ ते २०१३ या दहा वर्षांत आमच्या गावानं एवढी गावं केली, पण त्यांत वाई काही आली नाही.

चित्रीकरण सुरू झालं की पाट्या बदलतात. माझा भाऊ एकदा गर्दीत उभा राहिला होता. त्याच्या डोक्याला उत्तरेकडचं मुंडासं बांधलं आणि सांगितलं, बोलू नको, बोललास तर कळेल. तो दिवसभर उभा राहिला. पडद्यावर चार सेकंद आहे. आईनं ती चार सेकंदं कितीदा बघितली असतील. पण दर वेळी म्हणायची, "बोलला असता तर?" पैसे मिळतात, घाटावर चार दिवस चहावाल्याचा धंदा होतो, हे मला मान्य आहे आणि त्याचा आनंदच आहे. माझं म्हणणं फक्त इतकंच की ज्या घाटावर सलमान खान आणि शाहरुख खान येऊन गेले, त्या घाटावर वाईच्या बोलीत मारामारी करणारा एखादा नायक का उतरत नाही? २०२३ मध्ये हेमंत ढोमेंचा ‘सातारचा सलमान’ आला, त्यात निदान साताऱ्याचं पोरगं साताऱ्याचं म्हणून हिरो व्हायचं स्वप्न बघतं. नावात सातारा वाचूनच मला बरं वाटलं होतं.

भाचा एकदा म्हणाला, "आत्या, आपल्याकडं अॅक्शनसारखं काही घडतच नाही." मी त्याला सांगलीच्या गणेशदुर्गातल्या तुरुंगाकडं घेऊन गेले. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती इथून निसटले. पहारेकऱ्यांच्या बंदुका घेतल्या, तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले, दादांना गोळी लागली. हेच दादा पुढं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. तुरुंगातून निसटण्याच्या दीड महिना आधी, ७ जूनला, शेणोलीजवळ क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या माणसांनी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ त्यात पुढं होते. तो रूळ आजही वापरात आहे, मी मिरजेहून पुण्याला जाताना दर वेळी शेणोलीला खिडकीशी येते. रेल्वे आहे, तुरुंग आहे, खंदक आहे, नदी आहे, मुंडासं न बांधता बोलणारी माणसं आहेत. सुपरहिरोंच्या चित्रपटांच्या तोडीचा, तेवढा पैसा ओतलेला चित्रपट आमच्या वाट्याला अजून यायचा आहे. पोरगा तुरुंगाच्या भिंतीची उंची डोळ्यांनी मोजत राहिला. "एवढ्यावरनं?" तो म्हणाला. त्यानंतर बराच वेळ काही बोलला नाही.

शेवटची गोष्ट सासूबाईंची. १ मे २०२५ ला ‘गुलकंद’ लागला. सई ताम्हणकर, समीर चौघुले, प्रसाद ओक. सई सांगलीची. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, पण "आपल्या गावची पोरगी हाय, मोठ्या पडद्यावरच बघायची" असं त्यांनी ठरवलं. पहिल्या आठवड्यात लग्नाच्या गडबडीत जमलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आमच्या जवळच्या चित्रपटगृहात एकच खेळ उरला होता, सकाळी सव्वानऊचा. २०१५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं मराठी चित्रपट संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात दाखवायला हवेत असं जाहीर केलं होतं. मग वाटाघाटी झाल्या आणि दुपारी बारा ते रात्री नऊ अशी मोकळी वेळ ठरली. सव्वानऊ सकाळचे, म्हणजे त्यातही बसत नाहीत. सकाळी सव्वानऊला घरात पाणी भरायचं असतं, डबे असतात, म्हाताऱ्या माणसाची औषधं असतात. त्या वेळी हसायला कोण मोकळं असतं?

तरी आम्ही रिक्षा करून गेलो. पिशवी तपासली, भडंगाची पुडी टेबलावर ठेवून घेतली. खिडकीवर कळलं की एकूण सहा तिकिटं गेली आहेत, दहा झाल्याशिवाय खेळ लावत नाहीत. आम्ही वीस मिनिटं बाकावर बसलो. सातवं कुणी आलं नाही. पैसे परत दिले, पुडीही परत दिली. टेबलावरचा पोरगा तोच होता. त्यानं सासूबाईंना हात धरून पायऱ्या उतरवल्या, रिक्षा थांबवली.

घरी जायच्या आधी सासूबाई म्हणाल्या, जरा नदीवर थांबू. आयर्विन पुलाच्या बाजूला घाटावर सावलीत बसलो. त्यांनी पुडी सोडली, मला दिली, स्वतः घेतली. बराच वेळ आम्ही खात होतो. मग त्यांनी विचारलं, "का गं, काय होतं म्हणायचं त्या सिनेमात?" मला सांगता आलं नाही.