काल काय केलं?

आमच्या गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की अण्णांना निरोप जातो आणि लगोलग घर आवरायला घेतात. कारण अण्णा कॉम्प्युटर तपासायच्या आधी घर तपासतात. चपला काढता काढता दारातूनच विचारतात, "काल काय केलं?" याच स्वरात एखाद्या फौजदारानं विचारलं, तर बुऱ्हाणपुरातले निम्मे गुन्हे चहा यायच्या आत कबूल होतील.

अण्णा पस्तीस वर्षं पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. सगळे माग एकदम खडखडत असताना कुठला धोटा अडखळतोय, हे त्यांना नुसत्या कानानं कळायचं. निवृत्त झाले आणि कान रिकामे पडले. मग नातवासाठी घरात कॉम्प्युटर आला. त्याच्या पंख्याची घरघर ऐकून अण्णांना पुन्हा कामावर लागल्यासारखं वाटलं. नातवाला मात्र त्याला हात लावायची मनाई आहे. त्यावर क्रोशाचं झाकण असतं आणि पेनड्राइव्हला उंबऱ्याच्या आत प्रवेश नाही. 'आमचा कधी म्हणजे कधी बंद पडला नाही,' असं अण्णा गल्लीभर सांगतात. नातू शाळेचं सगळं काम आमच्याकडे येऊन करतो, हे आम्ही सांगत नाही.

तर गेल्या आठवड्यात आमचा बिघडला. पुरता बिघडता तर सुटलो असतो. हा दहा मिनिटं शहाण्यासारखा चालायचा, मुलीनं व्हिडिओ लावला की पडदा निळा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि आपण वाचेपर्यंत गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी वायरी काढून घातल्या. रॅम काढून खोडरबरानं घासली. आईनं उदबत्ती ओवाळली. तिघांचा परिणाम सारखाच झाला.

अण्णा आले. काखेत लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही. दुकानदार जिच्यात उधारी मांडतात तसल्या त्या वहीत अण्णा निळे पडदे मांडतात: तारीख, पडद्यावरचा आकडा, पाऊस होता का, लाईट गेली होती का, आणि घरात पाहुणे कोण.

"काल काय केलं?"

"काही नाही," आम्ही चौघं एकसुरात म्हणालो.

"अरे भाऊ, काही नाही केलं तर काही नाही होत."

खुर्चीत बसून त्यांनी पडदा निळा होऊ दिला आणि समाधानानं मान डोलावली. "हा रोग नाही. आडवा धागा तुटला की माग आपला आपण थांबतो का नाही? का थांबतो? पुढचं कापड वाया जाऊ नये म्हणून. हापण तसाच थांबला, तुझं आतलं काम नासू नये म्हणून. आता मागाला शिव्या देत बसायचं, का धागा शोधायचा?"

मी गेले चार दिवस मागाला शिव्या देत होतो, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

धागा म्हणजे ड्रायव्हर. पडदा, आवाज, छपाई, प्रत्येक वस्तूचा एकेक दुभाष्या असतो, कारण वस्तूची भाषा कॉम्प्युटरला येत नाही. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा मरतो. पण हे दुभाषे बरेचसे थेट गाभाऱ्यात वावरतात. तिथं एकाचा पाय भलत्या जागी पडला की अख्खं देऊळच बंद करावं लागतं.

"मग त्या ड्रायव्हरला काढून का नाही टाकत?" आईनं विचारलं.

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. "वहिनी, एवढ्या घरात तुम्हालाच समजलं. तेच करायचंय."

काढायचं खरं, पण कुणाला? अण्णांनी सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर सुरू केला. त्यात अगदी गरजेपुरते दुभाषे आत घेतात. पडदा भोंगळ दिसतो, अक्षरं अंगावर येतात. तासभर काही झालं नाही. म्हणजे यंत्र बहुतेक निर्दोष. आता फक्त माणसं उरली. अण्णा खुर्ची फिरवून आमच्याकडे वळले.

मुलगी आधी फुटली. रविवारी इंदूरचा मामा आला होता. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्यानं एक फुकटचा प्रोग्राम टाकला. त्या प्रोग्रामनं सत्तावीस ड्रायव्हर 'जुने' असल्याचं लाल अक्षरांत जाहीर केलं आणि मामानं एका बटणात सत्तावीसही बदलले.

"जुने म्हणून काढले?" अण्णांना खरंच लागलं. "आपल्या बुऱ्हाणपुरातला कुंडी भंडारा कधीचा? 1615चा. एका इराणी माणसानं सातपुड्याचं झिरपलेलं पाणी जमिनीखालून गावात आणलं, शंभरावर कुंड्या एकीला एक जोडून. अजून वाहतंय. त्याला कुणी अपडेट केलं?"

बायकोकडे मी पाहिलं नाही. भाऊ तिचा होता.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. आवाजाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं. पडद्याच्या नावापुढे काहीच नव्हतं. "जो बोंबलतो तो चोर नसतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पडद्याचा नवा ड्रायव्हर मागे फिरवून जुना परत बसवला. मामाचा प्रोग्राम समूळ काढला. मुलीनं व्हिडिओ लावला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पडदा काही निळा होईना. अण्णांचा चेहरा थोडा उतरल्यासारखा वाटला.

मग मावा जिलेबी आली आणि अण्णा खुलले. जिलेबीबरोबर ते दोन गोष्टी नेहमी सांगतात. पहिली 20 एप्रिल 1998ची. शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स नवं विंडोज 98 दाखवत होते, स्कॅनर जोडला आणि भर मांडवात निळा पडदा. "नवरदेवाचंच धोतर सुटलं," अण्णा म्हणतात, तेही गेट्सबद्दल भलत्याच जिव्हाळ्यानं. दुसरी 19 जुलै 2024ची. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या राखणदार प्रोग्रामला एक चुकीची फाईल गेली, गाभाऱ्यातला त्याचा ड्रायव्हर अडखळला आणि जगभरचे सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळे झाले. दिल्लीच्या विमानतळावर फळ्यावर हातानं विमानांच्या वेळा लिहिल्या. आणि उपाय? सेफ मोडमध्ये जा, ती फाईल हातानं काढ. त्या दिवशी अण्णा गल्लीतून वरात निघाल्यासारखे हिंडत होते. जगानं त्यांचा प्रश्न विचारला होता.

"अण्णा, पण आवाज येत नाही," मुलगी म्हणाली.

व्हिडिओतला माणूस तळमळून तोंड हलवत होता.

"आज पडदा झाला," अण्णा बोटांचा पाक चाटत म्हणाले, "सत्तावीसातला एक. उद्या येतो." आणि रिकाम्या बशीकडे त्यांनी असं पाहिलं, की उरलेल्या सव्वीस दिवसांच्या जिलेबीचा हिशेब माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

जाण्याआधी वही उघडली. तारीख घातली. आकडा घातला. पाऊस, नाही. लाईट, होती. पाहुणे या रकान्यात 'मेहुणा, इंदूर' असं लिहिलं, थोडं थांबले, मुलीच्या कंपासातला पिवळा स्केचपेन मागून घेतला आणि त्या नावापुढे ठसठशीत उद्गारचिन्ह काढलं.